शंकेचा रकाना

कडूबा सर्जेराव खरात यांच्याबद्दल लिही, असं मला कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर बहुतेक लिहिलंही नसतं. कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं, हे जालन्याच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक होतं. लिहायला बसले ते एवढ्यासाठी, की परवा एका सभेत एक तरुण शास्त्रज्ञ माहिती कशी जपावी आणि वाटावी यावर पाऊण तास बोलला. पडद्यावर रंगीत तक्ते, बाण, गोल. मी मागच्या रांगेत बसून हात चोळत होते. त्याच्या पाऊण तासात कडूबांच्या अर्ध्या पानाएवढंही काही नव्हतं.

आमची कंपनी बियाण्यांची. एका बाजूला लोखंडाच्या रोलिंग मिल, त्यांचा दिवसभर चाललेला खणखणाट, आणि आमच्या आवारात भुश्शाची धूळ. बी साफ करायच्या मोठ्या शेडच्या मागे दोन खोल्या होत्या. त्यांना लॅब म्हणायचं. तिथं कपाशीला बोंडअळीपासून वाचवणारं जनुक घालायचे प्रयत्न चालू होते. जनुक थेट कपाशीत घालता येत नाही. आधी ते एका जिवाणूत बसवायचं, आणि तो जिवाणू ते झाडाच्या पेशीत नेऊन टाकतो. म्हणजे जनुक हा माल आणि जिवाणू हा टेम्पो. असे बदल केलेले जिवाणू करंगळीच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांमध्ये, थोडं ग्लिसरीन घालून, उणे ऐंशी अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवायचे. फ्रीजर उघडला की थंड वाफ पायांवर उतरायची, आणि आत नळ्याच नळ्या. सगळ्या दिसायला एकसारख्या. कोणत्या नळीत काय आहे हे कळायचा एकच मार्ग, तो म्हणजे लिहून ठेवलेलं.

आणि लिहून ठेवलेलं म्हणाल तर आनंद होता. मी मार्च पंचाण्णवमध्ये रुजू झाले. माझ्या आधी मच्छिंद्र नावाचा शास्त्रज्ञ होता, तो दुसऱ्या कंपनीत निघून गेला होता आणि जाताना स्वतःची वही घेऊन गेला होता. एकाच जिवाणूला डब्यावर एक नाव, नळीवर दुसरं आणि फाइलमध्ये तिसरं. एका नळीवर तर फक्त 'म. ची शेवटची' एवढंच लिहिलेलं. पुढे काही महिन्यांनी पाहते तर दोन डबे निम्मे रिकामे. मी समजायचं ते समजले. मच्छिंद्रनं नळ्याही पळवल्या! त्यानंतर चार वर्षं, काही बिघडलं की मी मच्छिंद्रच्या नावानं बोटं मोडत असे.

कडूबा लॅबमध्ये आले ते त्याच वर्षीच्या मे महिन्यात, बाटल्या धुवायला.

वाटूरहून आत गेलं की एक लहान गाव लागतं, तिथले ते. आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून सर्जेरावांनी मुलाचं नाव कडूबा ठेवलं, कडू वस्तूला कुणाची नजर लागत नाही म्हणून. नजर लागली नाही. मॅट्रिकला फक्त इंग्रजी राहिलं, बरीच वर्षं गावातच मजुरी केली आणि त्र्याऐंशी साली, तिशी ओलांडल्यावर, ते जालन्याला आले, आमच्या शेडमध्ये पोती उचलायला. वर्षभरात कुणीतरी त्यांचं अक्षर पाहिलं. मोत्यांसारखं वगैरे नाही, पण प्रत्येक अक्षर वेगळं, स्वच्छ, दुसऱ्याला वाचता येईल असं. मग त्यांना पोत्यांवरून कार्डांवर आणलं. हुद्दा मात्र तोच राहिला, रोजंदारी मजूर.

बियाण्याच्या धंद्यात प्रत्येक लॉटला कार्ड असतं. आई कोणती, बाप कोणता, कोणाच्या शेतात पिकलं, उगवण कधी तपासली, कुठं पाठवलं. कडूबा अकरा वर्षं ती कार्डं लिहीत होते. "बी बोलत न्हाई मॅडम, कार्ड बोलतं," असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडी ते मुळीच मोठं वाक्य वाटायचं नाही. सांगायचं म्हणून सांगितलं, एवढंच.

बाटल्या ते उत्तम धुवायचे. त्याहून उत्तम ते विचारायचे, आणि ते मला अजिबात आवडायचं नाही.

"मॅडम, ह्या नळीतल्याची आई कोन?"

"आई नसते, कडूबा. जिवाणू आहे तो."

"बरं, आई नसू द्या. पर आला कुठून?"

"पुण्याहून."

"पुण्याला कुठून आल्ता?"

मी कपाळाला हात लावायचे. पण सप्टेंबरात ते शेडमधून एक लांबरुंद, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर घेऊन आले आणि म्हणाले, "तुमची हरकत नसंल तर ह्यात लिहून ठेवतो." मी म्हटलं, ठेवा. तेवढेच प्रश्न कमी होतील असं मला वाटलं. प्रश्न दुप्पट झाले.

त्या रजिस्टरात त्यांनी नऊ रकाने आखले. नंबर होता, मूळ जिवाणू होता, 'भर' होती, म्हणजे आत कोणतं जनुक बसवलं ते. कोणी केलं, कधी केलं, कोणतं औषध घातलेल्या खाद्यावर जगतो, फ्रीजरात कुठं आहे, कोणाला दिला. आणि शेवटचा रकाना शंकेचा. हे त्यांचं स्वतःचं. शेडमधल्या कार्डावर तो नव्हता. मी विचारलं, हा कशाला? म्हणाले, "जे बराबर म्हाईत हाय ते आठ खान्यांत. जे बराबर म्हाईत न्हाई त्याला बी जागा पाहिजे न."

पुढे कधीतरी मी तो रकाना वाचला तेव्हा हसून हसून मुरकुंडी वळली. 'झाकण ढिले आहे. आत काय आहे ते नक्की, किती जिवंत ते नक्की नाही.' 'डब्यावर निळे झाकण लिहिले आहे, झाकण हिरवे आहे.' एका ठिकाणी तर, 'मॅडम म्हणतात बरोबर आहे. मॅडम घाईत होत्या.' पण हे पुढे. त्या वेळी मी रजिस्टर फक्त वापरायचे, वाचायचे नाही. अमुक नळी कुठं आहे हे बघायचं आणि मिटायचं. तेवढ्यासाठी ते इतकं सोयीचं होतं, की वर्षभरात मी मच्छिंद्रच्या फाइली कपाटाच्या डोक्यावर टाकून दिल्या.

कडूबांचं घर एमआयडीसीपासून सायकलवर वीस मिनिटांवर. बायको बेबीनंदा, मुलगी सत्यशीला. वस्तीतल्या विहारात पुस्तकांचं एक कपाट होतं, त्याचीही वही कडूबांकडेच. पुस्तक कुणी नेलं, कधी आणलं, कितव्या पानाचा कोपरा दुमडून आणला हेसुद्धा. वस्तीतली मुलं त्यांना वचकून असत, आणि सत्यशीला सांगायची की बाबा घरातल्या डब्यांवरही चिठ्ठ्या लावतात. बेबीनंदावहिनींनी त्यातली हळदीची चिठ्ठी मुद्दाम मिरचीच्या डब्यावर लावून पाहिली होती. कडूबा ती तिखटजाळ भाजी खाऊन पाणी प्यायले आणि त्यांनी उठून चिठ्ठी जागेवर लावली.

सत्त्याण्णवपासून आमच्या नळ्या बाहेर जायला लागल्या. परवानगीची पत्रं यायची, मग बर्फात ठेवून हैदराबादला, पुण्याला, परभणीला, बंगळूरला. त्यांच्याकडचं आम्हाला यायचं. 'कोणाला दिला' हा रकाना भरायला लागला, आणि कडूबांना त्याचा जो आनंद व्हायचा तो पाहून मी एकदा विचारलंच, यात एवढं काय आहे?

ते खोका बांधत होते. दोरीची गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "गावात विरजन समद्यांच्या घरून समद्यांच्या घरी जायचं मॅडम. कोनाचं खराब झालं की शेजारी मागायचं. आमच्या घरचं मात्र कोन्ही नेलं न्हाई. माय लई गोड दही लावायची. पर कोन्ही न्हाई नेलं कधी." मग खोक्यावरच्या पत्त्यावरून अंगठा फिरवून म्हणाले, "आता बघा, आपल्या हातचं हैदराबादला चाल्लं."

मी उगाच त्यांच्यावर डाफरले, की गाडी जाईल, जल्दी करा.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या सुरुवातीला दिल्लीहून पत्र आलं. देशात ज्या ज्या लॅबमध्ये असे बदल केलेले जिवाणू आहेत त्यांनी आपापली यादी एका ठरलेल्या नमुन्यात पाठवावी. सगळ्या याद्या एकत्र करायच्या आणि सगळ्यांनी वापरायच्या. म्हणजे एकानं केलेलं दुसऱ्यानं पुन्हा करायला नको, आणि कुणाकडं काय आहे हे सरकारलाही कळेल. पहिल्या फेरीत पाच ठिकाणं होती, दिल्ली आणि आमच्याशी देवाणघेवाण असलेल्या चार लॅब. आमचे प्रमुख काकासाहेब खूश झाले. काकासाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव, त्यामुळे त्यांना जन्मापासूनच साहेब व्हावं लागलं. त्यांनी मला नवा कॉम्प्युटर आणि दहा फ्लॉपी दिल्या आणि सांगितलं, कडूबाचं रजिस्टर इंग्रजीत चढवा.

कडूबा शेजारी स्टुलावर बसून वाचायचे, मी टाइप करायचे. दिल्लीच्या नमुन्यात आठ रकाने होते. पहिल्याच ओळीला त्यांनी पडद्याकडं बोट केलं.

"एक खाना राह्यला."

"शंकेचा नाही त्यांच्यात."

"मंग त्यांचा फॉर्म चुकलाय."

"कडूबा, दिल्लीचा फॉर्म आहे तो."

"दिल्लीवाल्यांना शंका येत न्हाई का?"

मी पुढे टाइप करत राहिले. बासष्ट नंबरपर्यंत आम्ही दोन दिवसांत आलो. त्रेसष्टला कडूबा थांबले. वाचायचं सोडून रजिस्टर माझ्याकडं फिरवलं आणि म्हणाले, "हे तुम्ही वाचा."

शंकेच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: '६३ व ६४ यांच्या पहिल्या नळ्या मे १९९५ मध्ये माझ्या हातून बाद झाल्या, एकूण २३ नळ्या. उरलेल्या दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्या निघालेल्या होत्या. कोणती ६३ आणि कोणती ६४ हे मी अंदाजाने ठरवले. अदलाबदल असू शकते. क. स. खरात.'

मी दोनदा वाचलं. त्रेसष्ट आणि चौसष्ट दोन्हींमध्ये जनुक तेच. एकात सुलट बसलेलं, दुसऱ्यात उलट. उलट बसलेलं काम करत नाही, ते फक्त तुलनेसाठी ठेवतात. बाहेरून दोन्ही सारखीच, एकाच औषधात जगणारी. आणि त्रेसष्ट नंबर दोन वर्षांपूर्वी मी स्वतः हैदराबादला पाठवला होता, रजिस्टर न वाचता.

"तेवीस नळ्या?" मी ओरडलेच. "तुम्ही फेकल्या? आणि मी चार वर्षं मच्छिंद्रला…"

कडूबा खाली बघत होते. "शेडची सवय, मॅडम. तिथं नऊ महिने झाले की बियाची मुदत सरती. दरसाली उन्हाळ्यात जुना लॉट बाद करायचा, न्हाई केला तर कार्डवाल्याला बोलनी. मी इथं येऊन आठ-दहा दिवस झाल्ते. नळीवर ब्यान्नव, त्र्यान्नव साल बघितलं. म्हटलं, हे तर कवाच सरलं. वाफेच्या भांड्यात टाकून मारल्या, नियमाप्रमानं."

उणे ऐंशी अंशांत ठेवलेल्या जिवाणूला नऊ महिन्यांची मुदत! बियाण्याच्या कंपनीतल्या माणसाशिवाय ही चूक जगात कुणी केली नसती. मला हसू यायला हवं होतं. पण मी चिडले होते, आणि चिडले की मला दुसरं काही येत नाही. मी तशीच उठून काकासाहेबांकडं गेले.

काकासाहेब म्हणाले, शंका वगैरे काही पाठवायचं नाही. त्रेसष्ट म्हणजे त्रेसष्ट. कंपनीची अब्रू आहे. कडूबा दारात उभे होते. ते म्हणाले, "मंग साहेब, त्रेसष्ट पाठवूच नका. खोटं पाठवन्यापरीस न पाठवलेलं बरं." काकासाहेबांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की जणू बाटली धुवायचा ब्रश बोलला.

ते पाहणं मला सोसलं नाही. खरं सांगायचं तर सत्याची चाड वगैरे नंतर. आधी मला काकासाहेबांचा राग आला. लॅबमध्ये येऊन मी यादीच्या टोकाला नववा रकाना जोडला आणि कडूबांच्या सगळ्या शंका, झाकणांच्या रंगासकट, इंग्रजीत चढवल्या. कडूबांच्या सहीची अक्षरंही टाकली. उरलेली यादी संपली त्याच दिवशी फ्लॉपी पाच ठिकाणी रवाना झाल्या.

पंचवीस दिवसांनी हैदराबादचं पत्र आलं. तिथल्या गिरिजाबाई नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी लिहिलं होतं, की तुमच्या शंकेमुळे आम्ही त्रेसष्टचा डीएनए कापून तपासला. जनुक उलट बसलेलं निघालं. त्यांची एक विद्यार्थिनी दोन वर्षं रोपांवर रोपं करत होती, अळी काही मरत नव्हती, आणि आपलाच हात वाईट म्हणून पोरीनं काम सोडायचं ठरवलं होतं. शंका कळवल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते, आणि शेवटी अगदी सभ्य शब्दांत विचारलं होतं, की हे घडलं कसं?

काकासाहेबांनी आभाराचा परिच्छेद वाचलाच नसावा. त्यांनी कडूबांना बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेलं पत्र पडलेलं मला दिसत होतं. कडूबांना कायम करायचं पत्र. सोळा वर्षांच्या रोजंदारीनंतर वरून मंजूर होऊन आलेलं, फक्त काकासाहेबांची सही बाकी. ते पत्र त्यांनी खणात ठेवलं आणि सांगितलं, "ज्याच्या हातून तेवीस नळ्या जातात त्याला कायम? बिलकुल नाही. महिनाअखेरीला ठरवतो, रोजावर तरी ठेवायचं की नाही ते."

कडूबा "बरं साहेब" म्हणाले आणि बाटल्या धुवायला गेले. रोजंदारीच्या माणसाला उद्या येऊ नको म्हणायला कागदसुद्धा लागत नाही. सोळा वर्षं ते रोज सकाळी गेटवर हजेरीच्या रांगेत उभे राहिले होते, आपलं नाव पुकारतात की नाही हे ऐकत.

दोन दिवस मी काकासाहेबांशी भांडले. उपयोग झाला नाही, कारण माझं भांडण ते रोजच ऐकत असत. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी कडूबांच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. कडूबा विहारात गेले होते. बेबीनंदावहिनी ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी मला बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं, आणि मी धीर द्यायला तोंड उघडलं तोच त्या म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? राग न्हाई न येनार? त्या चिठ्ठीवर तर तुमची सही हाय न?"

"कोणत्या चिठ्ठीवर?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. फळीवरून पत्र्याचा डबा काढला, ज्यात रेशन कार्ड आणि सत्यशीलाचे शाळेचे दाखले असतात तो. तळाशी घडी घातलेला एक पिवळा कागद होता. शेडमधली बाद चिठ्ठी. शेडमध्ये असा नियम, की कार्डवाला आपल्या मनानं एक मूठ बीही टाकू शकत नाही. काय टाकायचं त्याची यादी करायची, वरच्या माणसाची सही घ्यायची, मगच टाकायचं. चिठ्ठीवर त्याच वेगळ्या-वेगळ्या अक्षरात तेवीस नावं. तारीख सोळा मे पंचाण्णव. खाली 'मंजूर' असं छापलेलं, आणि त्यापुढे सही. माझी. घाईत करते तशी, शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाबाहेर गेलेली.

तो दिवस मला आठवला. तो दिवस आठवण्यासारखा नव्हताच, म्हणून इतकी वर्षं आठवला नव्हता. जनरेटर बंद पडला होता, मी मेकॅनिकवर ओरडत होते, आणि एक नवा माणूस हातात कागद घेऊन उभा होता. तो उभा होता याचाच मला राग आला होता. मी भिंतीवर कागद टेकवून सही केली आणि म्हटलं, जा.

"ते तवा घरी येऊन म्हनले," वहिनी सांगत होत्या, "मॅडमनं बघून सही केली. लई हुशार हायेत. मंग चार-सहा महिन्यांनी एकदा जेवलेच न्हाई. म्हनले, त्या नळ्या मरत नसत्यात म्हने, वर्सानुवर्स जगत्यात. मी म्हटलं, मंग तुमचा काय दोष, सही तर त्यांची. तर म्हनले, गप बैस, कोनाला बोलू नको."

कडूबा आले, दारातच माझ्या हातातला कागद पाहिला आणि बायकोवर कधी नव्हे ते कडाडले. "तुला कोन सांगितल्तं डबा खोलायला?"

"वहिनींना बोलू नका," मी म्हणाले. "हे रजिस्टरात का नाही लिहिलंत? 'माझ्या हातून' असं का लिहिलं?"

ते चप्पल काढून खाली बसले. सतरंजीचा दोरा ओढत म्हणाले, "तुम्ही नव्या आल्त्या, मॅडम. तुमचं वर्साच्या बोलीवर होतं, पक्कं न्हवतं. साहेब बाईमानसाला घ्यायलाच तयार न्हवते, हे समद्या शेडला म्हाईत होतं. तेवढंच निमित्त झालं असतं. माझं काय, रोजाचा मानूस. मला कोन काढनार अन् कोन ठिवनार, ते रोजचंच होतं."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याला चांगलं झोडावंसंही वाटलं. मी दोन्हींपैकी काही केलं नाही. मी रडले, आणि वहिनींनी निमूटपणे चहा टाकला.

सोमवारी मी ती चिठ्ठी काकासाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "हा सुटा कागद. मी रजिस्टर मानतो. रजिस्टरात त्याचं नाव आहे." मी म्हटलं, "मग रजिस्टरात लिहून आणते."

कडूबांनी रजिस्टर द्यायचं नाकारलं. खणाची किल्ली खिशात, हात खिशावर. "लिहिलेलं पान बदलत नसतं, मॅडम."

"बदलू नका. खाली नवी ओळ लिहू. तुम्हीच म्हणता ना, जे खरं असेल त्याला जागा पाहिजे?"

"तुमची नोकरी…"

"माझ्या नोकरीचं मी बघते! तुम्ही माझे बाप आहात का?"

ओरडले, आणि ओरडताक्षणी मला कळलं की मी काय बोलले. त्यांनाही कळलं. त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

पुढचं आधीच सांगून टाकते. मला खरमरीत मेमो मिळाला आणि त्या वर्षीची बढती गेली. कडूबांच्या पत्रावर आठवड्यानं सही झाली. कडूबा पुढे नऊ वर्षं कायम राहिले आणि निवृत्त झाले. पण त्या सोमवारी दुपारी यातलं काही ठरलेलं नव्हतं. आम्ही दोघंही बाहेर पडलो असतो अशीच चिन्हं होती.

मी रजिस्टर उघडलं आणि त्यांच्या नोंदीखाली लिहिलं: 'वरील नोंद अपुरी आहे. तेवीस नळ्या १६ मे १९९५ रोजी माझ्या सहीच्या चिठ्ठीवरून नष्ट झाल्या. यादी मला दाखवण्यात आली होती. मी न वाचता सही केली.' खाली नाव, तारीख. सही या वेळी सावकाश केली.

कडूबा येऊन माझ्या खांद्यावरून वाचू लागले. ओठ हलत होते. पहिल्यांदा वाचलं, मग परत पहिल्या शब्दापासून.

"न वाचता कशाला लिहिलं? लोक हसतील."

"खोटं आहे का?"

"खोटं न्हाई." मग अगदी हळू, माफी मागितल्यासारखे म्हणाले, "पर मॅडम, मंग हे बी पाची जागी पाठवावं लागंल. पहिलं पाठवलं तसंच. हैदराबादच्या बाईंनी विचारलंय."

माझं नाव, माझी चूक, दिल्ली ते बंगळूर. मी त्यांच्याकडं पाहिलं. तो माणूस मला वाचवायला चार वर्षं खोटं घेऊन बसला होता, आणि आता मलाच सांगत होता की हे लपवता येणार नाही. मी म्हटलं, "पाठवू. आत्ताच पाठवू."

त्यांनी पान खराब होऊ नये म्हणून हात सदऱ्याला पुसले, रजिस्टर स्वतःकडं ओढलं आणि त्या पानावर तळवा सपाट ठेवून उभे राहिले. माझ्या लक्षात यायला वेळ लागला, की ते रडत आहेत.

"एवढ्या रजिस्टरात हे एकच पान अर्धं खरं होतं," ते म्हणाले. "दुसरा कोन्ही रजिस्टर उघडाया लागला, की मला भ्या वाटायचं. माझ्याच रजिस्टराचं."